पायाळूची उसण

आख्ख्या पंचक्रोशीत थोरामोठ्यांना लाथ मारून वर त्यांचे आशीर्वाद घेणारी बाई एकच होती, ती म्हणजे सुलू. वाणगाव स्टेशनाच्या पश्चिमेला, चिकूच्या वाड्या जिथे एकमेकींना खेटून उभ्या आहेत, तिथे तिचं घर. जन्मताना ती पायांकडून बाहेर आली, म्हणून पायाळू. आणि पायाळू माणसाचा पाय लागला की कमरेत भरलेली उसण उतरते, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. ज्यांचा विश्वास नसतो त्यांनाही ठाऊक असतं, आणि उसण भरली की तेही येतात. गावच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक अंधश्रद्धेवर फार छान बोलायचे. एकदा बादली उचलताना त्यांची कंबर धरली, तेव्हा ते मागच्या दाराने आले आणि पडवीत मुकाट पालथे झाले.

पद्धत साधी होती. आलेल्याने अंगणात पालथं पडायचं, सुलूने उजवा पाय त्याच्या कमरेवर टेकवायचा, हलकेच दाबायचा, सोडायचा, पुन्हा टेकवायचा. पाय कुठे थांबवायचा ते तिच्या पायालाच कळायचं. कातडीखाली आखडलेली शीर तळव्याला लागली की ती म्हणायची, 'हां, हितं हाय.' मग वाकून त्या माणसाच्या पाया पडायची, कारण माणसाला पाय लावला तर पाप लागतं, भले त्याने स्वतः मागून घेतलेला असो. रविवारी बोईसरहून कारखान्यातली पोरं यायची. पोती उचलून, पिंपं ढकलून वाकलेली. कुणी बीडचा, कुणी जळगावचा, कुणी पार बिहारचा. सुलू सगळ्यांना पाय लावायची आणि वर चहा पाजायची.

बाई मुळातच चुळबुळी. एका जागी बसणं तिच्या स्वभावातच नव्हतं. लहानपणी आभाळ गडगडलं की आई तिला आतल्या खोलीत कोंडायची, कारण वीजसुद्धा पायाळूवर टपून असते म्हणे. ते कोंडणं तिच्या अंगात असं काही भरलं, की मोठेपणी ती घरात कमी आणि दारात जास्त असायची. जेवताना मधेच उठायची, बोलताना चालायची. नवरा शांताराम म्हणायचा, हिच्याशी भांडायचं तर माणसाला हिच्यामागे वाडीभर फिरावं लागतं. शांताराम स्वतः नावासारखाच शांत. चारचौघांत न बोलण्यासारखं काही निघालं की तो भिंतीकडे बघायला लागायचा.

अशा बाईची कंबर दुखायला लागली, ती एक-दोन वर्षांपासून. पण बोलणार कुणाला? पायाळूचीच कंबर धरली म्हटल्यावर लोकांनी हसायचं की काळजी करायची? सुलूने ते दुखणं लुगड्याच्या घडीत लपवावं तसं लपवलं. गरम पाण्याची पिशवी, मलम, रात्री कुशीखाली उशी, सगळं दार लावून.

पौष महिन्यात चिकूचा तोडा जोरात होता. टेम्पो दारात उभा, भरलेले क्रेट रचायचे होते, आणि गड्यांची वाट बघत थांबणं सुलूला जमेना. तिने एक क्रेट उचलला, वळली, आणि तिथेच बसली. त्या दिवसापासून कळ कमरेतून निघून दोन्ही मांड्यांमागून पोटऱ्यांपर्यंत जायला लागली. खोकला आला तरी डोळ्यांपुढे अंधारी. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. शांतारामने तिला बोईसरला एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरने तपासलं, इंजेक्शन दिलं, कमरेला पट्टा दिला, एमआरआय काढून घ्या म्हणाला. सुलू म्हणाली, सुनेचं हळदीकुंकू उरकलं की काढू.

निघताना ती बाहेर रिक्षापाशी जाऊन उभी राहिली, आणि डॉक्टरने औषधं समजावता समजावता शांतारामला एक गोष्ट सांगितली. ती काय, ते त्याने सुलूला रिक्षात सांगितलं: पाणी भरपूर पी म्हणालेत. सुलूने मान हलवली. त्या एका वाक्याची गोष्ट पुढे येईल.

इंजेक्शनने आठवडाभर बरं वाटलं, मग कळ पुन्हा आली. तेव्हा शेजारच्या बायका जे मनात होतं ते बोलल्या. अगं, पायाळूला पायाळूच लागणार. आणि पायाळू लांब कुठे होता? रुळांपलीकडच्या पाड्यावरचा जिवल्या, त्यांच्याच वाडीत चिकू तोडायला यायचा, तोही पायाळू. हे सुलूला माहीत होतं, पण आजवर तिने ते कधी फारसं मोजलं नव्हतं. जिवल्या आला, पण पाय लावायला तयार होईना. वर्षानुवर्षं जिच्या हातचा चहा प्यायला तिला लाथ कशी मारायची? शेवटी सुलूच रागावली, तेव्हा त्याने डोळे मिटून पाऊल टेकवलं. देवळाच्या पायरीवर ठेवावं तितकं हलकं. आणि पाया पडून जो निघाला, तो मागे न बघता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळ गेली होती.

कमी झाली नव्हती, गेलीच होती. सुलू उठून बसली, खोकून बघितलं, वाकून बघितलं. काही नाही. घरात आनंदीआनंद झाला. शांताराम जिवल्यासाठी मुद्दाम पाड्यावर जाऊन नारळ देऊन आला. शेजारणी येऊन बघून गेल्या. सून समिधा कोळगावला जिल्ह्याच्या कचेरीत कामाला. तिचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, पण सासूचा चेहरा खुललेला बघून तीही हसली आणि कामावर गेली.

सुलू मात्र मोरीत बसून होती. लघवीला लागल्यासारखं वाटत होतं आणि होत नव्हती. तिने नळ सोडला, पाण्याचा आवाज ऐकत बसली. उठली, जिऱ्याचं पाणी प्यायली, परत गेली. आंघोळ करताना गरम पाणी पाठीवर कळलं, पायांवर कळलं, पण मधल्या जागी काहीच कळेना. साबण लावणारा हात तिचा होता, अंग मात्र दुसऱ्या कुणाचं तरी धुते आहे असं वाटलं. पाटावर बसली तर खाली पाट आहे की नाही ते हाताने चाचपून बघावं लागलं.

ती घाबरली. खरंच घाबरली. आणि घाबरल्यावर ती जे करायची तेच तिने केलं, ती चालायला लागली. घरातून अंगणात, अंगणातून वाडीत, वाडीतून विहिरीपाशी आणि परत. चालताना उजवं पाऊल जमिनीला घासत होतं. तोडलेली फळं बघायच्या निमित्ताने ती कुंपणापर्यंत गेली आणि परत आली, तेव्हा ओट्यावर शांताराम म्हणाला, एका पायात चप्पल घालून कुठे गेली होतीस? तिने खाली बघितलं. उजव्या पायात चप्पल नव्हती. ती कधी निसटली, अनवाणी पाय कुठून कुठून आला, खडे लागले की नाही, त्या पायाला काहीच माहीत नव्हतं. ज्या पायाला आख्ख्या तालुक्याच्या कमरा कळायच्या, त्याला स्वतःची चप्पल कळली नव्हती.

तरीही ती बोलली नाही, आणि याचा राग यावा तर येऊ द्या, मलाही येतो. पण तिची अडचण समजून घ्या. एक तर सांगायचं कसं? तिच्याजवळ कंबर हा शब्द होता, पाय हा शब्द होता, आणि जे झालं होतं ते या दोन शब्दांच्या मधे झालं होतं. तिथे फक्त 'तिथे' एवढाच शब्द होता, तोही मान खाली घालून बोलायचा. आणि दुसरं असं, की सांगितलं असतं तर जिवल्यावर आलं असतं. त्याच्या पायाने वाईट झालं म्हणायचं, तर तिच्या स्वतःच्या पायाखाली आजवर जे जे पालथे पडले, त्यांचं काय झालं असेल? हा विचार आला आणि तिला बसवेना. तिने स्वतःची समजूत घातली: दुखत नाही ना, मग बरंच आहे. दुखत नाही ना. दिवसभर ती हेच घोकत फिरली.

दुसऱ्या दिवशी समिधाने रजा घेतली होती. संध्याकाळचं हळदीकुंकू, पण बायका दुपार कलल्यापासूनच यायला लागल्या. वाण म्हणून स्टीलच्या गाळण्या आणल्या होत्या. सुलूचं पोट ओटीत दगड बांधल्यासारखं ताणलेलं. तरी ती सतरंजीवर मधोमध बसली, कारण सगळ्यांना जिवल्याच्या पायाची हकिगत तिच्याच तोंडून ऐकायची होती. तिने ती सांगितली, थोडी रंगवूनसुद्धा. बायका हसल्या. मग कुणीतरी तिळगूळ मागितला म्हणून ती उठली.

समिधा तिच्या मागेच हळदीकुंकवाचं तबक घेऊन उभी होती. तिला सासूचं जरीकाठी लुगडं मागून ओलं दिसलं आणि सतरंजीवर डाग दिसला. सुलूला पत्ताच नव्हता. ती डबा उघडून लाडू मोजत होती, हसत होती, ओला कपडा अंगाला चिकटला होता आणि अंगाला त्याची खबर नव्हती. समिधाने तबक खाली ठेवलं, दोन पावलं पुढे सरकून सासूच्या पाठीला खेटून उभी राहिली, आणि तशीच तिला चालवत आतल्या खोलीत घेऊन गेली. बायकांना वाटलं, सासूसुनांचं काही गुपित आहे.

खोलीत सुलू म्हणाली, पाणी सांडलं असेल. समिधाने काल संध्याकाळी येताना कुंपणापाशी चप्पल बघितली होती, आज सकाळी सासूला मोरीत नळ सोडून बसलेली बघितली होती. ती वाद घालत बसली नाही. तिने सासूच्या लुगड्याचा ओला काठ तिच्याच हातात दिला आणि विचारलं, 'आई, हे कळलं तुम्हाला? खरं सांगा.'

सुलूने लुगडं बघितलं. मग तिला हुंदका आला. आईने कोंडलं की यायचा तसला. ती म्हणाली, 'नाय कळला गं. कालपासून तिथं कायच कळत नाय मला. बसायची जागा मेली हाय माजी.'

पुढचं हळदीकुंकू शेजारणींनी उरकलं. शेजाऱ्याच्या इको गाडीतून सुलू, शांताराम आणि समिधा बोईसरला निघाले. मुलगा शैलेश कंपनीतून परस्पर तिकडे आला. वाटेभर सुलू गाडीतही चुळबुळत होती, सीटवर हात दाबून बघत होती, जणू हाताने कळेल ते खालून कळेल.

मोठ्या इस्पितळातली डॉक्टर तरुण होती. तिने सुलूला पाऊल वर उचलायला सांगितलं, उजवं उचललंच नाही. पोटावर हात ठेवला आणि लगेच नर्सला बोलावलं. मग विचारलं, लघवी कधीपासून झाली नाही? शांताराम भिंतीकडे बघायला लागला. समिधाने तोंड उघडलं, तर डॉक्टर म्हणाली, त्यांनाच सांगू दे. आणि सुलूने सांगितलं. नवऱ्यासमोर, मुलासमोर, एकेक गोष्ट नाव घेऊन सांगितली. कालपासून लघवी नाही. शौचाचंही कळत नाही. दोन मांड्यांच्या मधे हात लावला तर लागत नाही. सांगताना तिच्या लक्षात आलं, की शब्द होते. कुणी विचारलं की येत होते.

नळी घातली तेव्हा पिशवी बघता बघता भरली. तेवढं पोटात होतं, लुगडं भिजलं ते त्यातलंच ओसंडलेलं, आणि तिला ते कळलंही नव्हतं.

एमआरआय झाल्यावर डॉक्टरने समजावलं ते असं. पाठीच्या कण्यातून खाली नसांचा एक झुबका उतरतो, घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो म्हणून त्याचं नावही तेच आहे. पाय हलवणं, लघवी धरणं आणि सोडणं, बसल्या जागेचं कळणं, सगळं त्या झुबक्यातून चालतं. तुमच्या दोन मणक्यांमधली गादी फुटून मागे आली आहे आणि तिने ती आख्खी शेपटी दाबून धरली आहे. दुखायचं थांबलं ते बरं झालं म्हणून नाही, नसा मुक्या झाल्या म्हणून. आता एक एक तास महत्त्वाचा. दाब काढायला ऑपरेशन लागेल, ते इथे होणार नाही, वापीला जा, मी फोन करते.

सुलूच्या डोक्यात भलतंच अडकलं होतं. आपल्याला शेपटी होती आणि आजवर कुणी सांगितलं नाही. मग तिने जे विचारायचं होतं ते विचारलं, 'जिवल्याच्या पायानं झालं का हे?'

डॉक्टर म्हणाली, इतकं हलकं पाऊल टेकवून गादी फुटत नाही. ती फुटायलाच आली होती, शिंकेनेही फुटली असती. पायाने बिघडलं नाही आणि पायाने बरंही झालं नसतं. बिघडलं ते थांबण्याने. काल सकाळीच आला असता तर, असं म्हणून तिने पुढचं वाक्य सोडून दिलं.

ते सोडलेलं वाक्य शांतारामने उचललं. अँब्युलन्समध्ये, सुलूच्या उशाशी बसून, तो पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघत बोलला. 'त्या दिवशी डॉक्टर मला बोलला होता. लघवी अडली, नाय तर खाली बधिर वाटलं, तर तसंच उचलून आणा. मला तुला सांगायला लाज वाटली. म्हनून मी पानी पी सांगितलं.'

सुलूला इतका राग आला, की पाय उचलत असता तर तिने खरोखरची लाथ घातली असती. तिने तोंड फिरवलं. थोड्या वेळाने तिलाच आठवलं, की आपणही दीड दिवस फिरत होतो, आपल्याला तर कुणी भाषांतर करून सांगायला नको होतं. तिने हात मागे टाकला, शांतारामने तो धरला. गाडी हायवेवर होती. दोघं रडत होते, आणि समिधा पुढच्या सीटवर बसून ते ऐकू येत नाही असं दाखवत होती.

ऑपरेशन झालं. झालं म्हणजे दाब निघाला, पण मुक्या झालेल्या नसा कधी बोलतील आणि किती बोलतील, हे सर्जनलाही सांगता येईना. पुढचे कित्येक महिने सुलूचे असे गेले, की चुळबुळ्या बाईला खाटेवर पडून छताचे पत्रे बघावे लागले. कधी एकदा उठते असं झालं होतं तिला. डाव्या पायात जोर लवकर आला. उजव्याला पट्टा बांधून चालावं लागलं. लघवीसाठी नळी आपल्या हाताने घालायला नर्सने शिकवलं, आणि सुलू ते मोबाइलवर अलार्म लावून करायला लागली. अलार्म वाजला की घरात कुणी असो, ती सरळ सांगून उठायची, 'माजी लघवीची येळ झाली.' सुरुवातीला शैलेश गोरामोरा व्हायचा. मग त्यालाही सवय झाली. पुढे नळी हळूहळू सुटली, पाऊल थोडं उचलायला लागलं, पण तळवा आणि बसायची जागा अर्धवटच परत आली. पाटावर बसताना ती अजूनही हाताने चाचपते.

जिवल्या बरेच दिवस कामावर आला नाही. त्याच्या कानावर गेलं होतं. एकदा तो कुंपणाबाहेर कंदांची जुडी ठेवून निघाला होता, तेवढ्यात सुलूने त्याला दारातून हाक मारली. ओट्यावर बसवून चहा दिला, डॉक्टरचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता. शेवटी तिने त्याला बजावलं, की तुझ्याकडे कुणी कंबर घेऊन आला तर पाय नंतर, आधी विचारायचं. काय विचारायचं तेही सांगितलं.

लोकांना वाटलं, आता सुलूचं दुकान बंद. पण कमरा धरायच्या थांबल्या नव्हत्या. एका रविवारी बोईसरहून ज्ञानेश आला, जालन्याकडचा, मित्राच्या मोटारसायकलवर वाकडा बसून. यापूर्वीही येऊन गेलेला पोरगा. अंगणात शांताराम पेपर वाचत होता, शेजारचे दोघं-तिघं गप्पा मारत होते. ज्ञानेश आल्या आल्या पालथा पडायला लागला, तर काठी टेकत आलेल्या सुलूने त्याला थांबवलं आणि अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, 'लघवी नीट होते का तुजी?'

ज्ञानेशचे कान लाल झाले. शेजारी आभाळाकडे बघायला लागले. आईच्या वयाच्या बाईला काय उत्तर द्यायचं, म्हणून पोरगा नुसताच हसला. तेव्हा शांतारामने पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि म्हणाला, 'सांग रे. ती इचारते ते सांग. हसू नको.'

मग ज्ञानेशने सांगितलं. होते. धार बरोबर आहे. कळ एकाच पायात आहे, दोन्हीत नाही. बसल्या जागी कळतं, येताना मोटारसायकलवर प्रत्येक खड्डा कळला. सुलूने त्याला पाऊल वर उचलायला लावलं, दोन्ही उचलली. तरी उद्याच्या उद्या डॉक्टरला दाखव, म्हणाली. तो हो म्हणाला. पण तिथून हलेना. इतक्या लांब आलोय काकू, जरा पाय लावाच की, असं अजिजीने म्हणत राहिला.

मग सुलूने काठी शांतारामकडे दिली, त्याच्या खांद्याचा आधार घेतला, पावलाचा पट्टा सोडला आणि उजवा पाय कष्टाने उचलून ज्ञानेशच्या कमरेवर ठेवला. नेहमीसारखं 'हां, हितं हाय' ती म्हणाली नाही. तिने खाली वाकून आधी डोळ्यांनी बघितलं, पाय नेमका कुठे पडला आहे ते.

'लागला का?' तिने विचारलं.

'लागला, काकू.'

'मग तू बरा हायस,' सुलू म्हणाली. 'मला नाय लागला.'

शांतारामने तिचा पाय हाताने उचलून खाली ठेवला. ज्ञानेश उठून बसला आणि या वेळी ती वाकायच्या आत त्याने तिच्या पट्टा सुटलेल्या पावलावर डोकं टेकवलं. तो वाकला आहे हे तिला दिसलं, कपाळ टेकलं ते मात्र कळलं नाही.